सेलूची जीप आणि अम्मींचा दवाखाना

मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या घरात एका जीपवरून जवळजवळ दीड महिना चर्चा, हिशेब आणि मधूनमधून अबोला चालला. अशी वेळ पुष्कळ घरांवर येते. पैसे मोजके असतात, नवी गाडी परवडत नाही. जुनी घ्यायचे ठरले की समोर दोन गाड्या उभ्या राहतात. एक मनात भरलेली असते, दुसरी हिशेबात बसलेली. कोणती घ्यावी? आमच्यापुरते उत्तर आम्हाला सापडले. ते कसे सापडले ते सांगते, कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल.

आम्ही जिंतूरला राहतो. मी तालुक्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवते. मुलांचे अब्बू खत-बियाण्यांचे दुकान चालवतात. घरात दोन मुले आणि सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी. दोन वर्षांपूर्वी अम्मींच्या किडन्यांनी काम थांबवत आणले आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी परभणीला जाणे सुरू झाले. जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर. सकाळी जाताना एस.टी. चालते. पण चार तास मशीनला जोडलेले माणूस बाहेर येते तेव्हा त्याच्या अंगात उभे राहण्याचेही त्राण नसते. मग भाड्याची गाडी. एका खेपेला दीड हजार, महिन्याला बारा हजारांच्या वर.

व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही, हा आमच्या घरातला जुना नियम. त्यामुळे शोरूमचा रस्ता आपोआप बंद. भिशीचा नंबर लागला होता, थोडी बचत होती. सगळे मिळून अडीच लाख. एवढ्यात जी जुनी गाडी येईल ती, असे ठरले.

सेलूची जीप

पहिली खबर सेलूहून आली. तिथल्या एका वयस्कर बागायतदार काकांकडे 1988 ची पेट्रोल जीप विकायला होती. किंमत एक लाख साठ हजार. मुलांचे अब्बू आणि माझा सोळा वर्षांचा मुलगा बघायला गेले आणि परतले ते दोघेही प्रेमात पडूनच. हिरवा रंग, पुढची काच बोनेटवर आडवी पडणारी, कापडी टप, आतला सगळा पत्रा जाड आणि खरा. मुलाने फोनमध्ये इंजिनाचा आवाज भरून आणला होता. जेवताना तो आम्हाला दोनदा ऐकवला.

पण मुलांच्या अब्बूंचे कारण वेगळे होते. त्यांचे वडील येलदरीला पूर्णा प्रकल्पावर जीपचे ड्रायव्हर होते. धरणावरच्या साहेबांना घेऊन कालव्याच्या कडेकडेने फिरायचे. लहानपणी वडील घरी आले की खाकी कपड्यांना पेट्रोलचा वास यायचा, तो वास सेलूच्या जीपमध्ये बसल्याबरोबर आला, असे ते म्हणाले. यावर मी काय बोलणार?

जीपचे आपल्या देशातले घराणेही मोठे मजेशीर आहे. 1945 मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची, पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. त्यातले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे 1948 मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले आणि त्याच सुमारास अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जुळणी सुरू झाली. पुढे तहसीलदार, पाटबंधारे, पोलीस, पुढारी, सगळ्यांच्या दारात जीप आली. आपल्या मराठवाड्यात तर गावोगावच्या माणसांनी लोंबकळून प्रवास केला तो काळ्या-पिवळ्या जीपमधूनच. तेव्हा जीपवर जीव जडणे यात काही वेडेपणा नाही. आपल्या माणसांच्या आठवणी त्या पत्र्याला चिकटलेल्या असतात.

कागदावरचा हिशेब

दुसरा पर्याय मी सुचवला. 2014 ची छोटी पाच दरवाजांची कार, दोन लाख पंचेचाळीस हजारांपर्यंत. अशा गाड्या परभणीत गल्लोगल्ली आहेत. त्यांना बघून कुणी मान वळवत नाही. मुलगा म्हणाला, “अम्मी, ती गाडी नाही, डबा आहे.” मी म्हटले, “डबा तर डबा. आधी गणित मांड.” दहावी झालेल्या पोराला गणित मांडायला लावले की तो निदान अर्धा तास गप्प बसतो.

गणित असे निघाले. महिन्याला साधारण साडेसातशे किलोमीटर. जीप लिटरला दहा किलोमीटर देईल असे धरले तर 75 लिटर. कार अठरा देईल असे धरले तर 42 लिटर. फरक 33 लिटरचा. लिटरला 105 रुपये धरले तर महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास, वर्षाला जवळजवळ 42 हजार. दोन गाड्यांच्या किमतीत फरक 85 हजारांचा. म्हणजे स्वस्त वाटणारी जीप दोन वर्षांत कारएवढीच महाग पडणार, आणि तिसऱ्या वर्षापासून आणखी महाग.

परभणीकरांना पेट्रोलचा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही. आपल्याकडे पेट्रोल दूर मनमाडच्या डेपोतून येते, वाहतुकीचा खर्च दरात मिसळतो. म्हणून राज्यातल्या सर्वात महाग पेट्रोलच्या बातमीत परभणीचे नाव वारंवार असते. 2021 च्या सुरुवातीला प्रीमियम पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हाही बातमी परभणीचीच होती.

कागदपत्रांचाही खर्च असतो. खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांसाठी असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावे लागते, शिवाय पर्यावरण कर. 15 वर्षांवरील कारच्या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5,000 झाली. 2025 मध्ये 20 वर्षांवरील गाड्यांसाठी ती आणखी वाढली. 1988 च्या जीपला हे सगळे लागू होते. 2014 च्या कारला 2029 पर्यंत चिंता नव्हती.

मुलाने वही मिटली आणि म्हणाला, “पण अब्बूंना ती आवडलीय ना.” खरी अडचण तीच होती. गणिताने आवडीला उत्तर देता येत नाही.

मिस्त्रींचे म्हणणे

मग आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना विचारले. तीस वर्षे त्यांचे हात ग्रीसमध्ये आहेत. मला वाटले होते ते लगेच कारच्या बाजूने बोलतील. पण त्यांनी जीपची बाजू घेतली, आणि ती ऐकण्यासारखी होती.

ते म्हणाले, “मॅडम, जीप बंद पडली तर बोरीच्या फाट्यावरचा पोरगाही पाना-पेचकस घेऊन चालू करून देईल. तुमची नवीन गाडी बंद पडली तर तो बोनेट उघडून नुसता बघत बसेल. तिला स्कॅनर लागतो. तो परभणीला.”

ही गोष्ट खरी आहे. जुन्या गाडीत कार्ब्युरेटर, पॉइंट, पंप सगळे डोळ्यांना दिसते. नव्या गाडीत सेन्सर आणि संगणक असतो. बिघाड कुठे आहे ते मशीन लावल्याशिवाय कळत नाही. मी विचारले, “पण बंद पडते किती वेळा?” मिस्त्री हसले. म्हणाले, “जीप महिन्यातून एकदा काहीतरी मागते. कार, नीट ठेवली तर, वर्षातून एकदा.”

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गाडी सहज दुरुस्त होणे ही एक गोष्ट आणि गाडी बंदच न पडणे ही दुसरी. आपण दोन्हींना ‘भरवशाची’ म्हणतो आणि घोटाळा होतो. शेतावर जाणाऱ्याला पहिली चालते. अर्धा तास गेला तर गेला. दवाखान्यातून परत येणाऱ्या माणसाला दुसरीच हवी.

मे महिन्याचा विषय निघाला. कार्ब्युरेटरच्या गाड्यांत उन्हाच्या कडाक्याने पंपातल्या आणि नळीतल्या पेट्रोलची वाफ होते. वाफ झाली की पंप पेट्रोल ओढत नाही आणि गाडी थांबते. मग पंपावर ओले फडके ठेवून गार होण्याची वाट बघायची. हा कुण्या एका कंपनीचा दोष नव्हे, त्या काळच्या सगळ्याच पेट्रोल गाड्यांची ती खोड होती. आपल्याकडे पारा 44 वर जातो. डायलिसिस संपते दुपारी दोनला. झरी आणि बोरीच्या मध्ये, बाभळीच्या सावलीत, ओले फडके आणि मागे अम्मी. हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मुंबईची काळी-पिवळी

मुलांच्या अब्बूंनी आपल्या बाजूने साक्षीदार म्हणून माझ्या मामूंना फोन लावला. मामूंनी मुंबईत पंचवीस वर्षे टॅक्सी चालवली. त्यांची पहिली गाडी पद्मिनी. आपल्याकडे काळी-पिवळी म्हटले की जीप, मुंबईत पद्मिनी. मामू जुन्या गाडीची बाजू घेणार, याची त्यांना खात्री होती.

पद्मिनीची कहाणी तर साऱ्या महाराष्ट्राची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बनवली. 1974 पासून तिचे नाव पद्मिनी झाले. गिअर स्टिअरिंगजवळ, पुढे अखंड बाक, आणि वर सामानाचे कॅरिअर. मुंबईला उतरलेल्या प्रत्येक मराठवाडकराने बिछाने-ट्रंका त्यावर बांधल्या असतील. 1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि वारे फिरले. शतक बदलता बदलता पद्मिनीचे उत्पादन थांबले. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वयाची 20 वर्षांची मर्यादा आहे, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. वर्तमानपत्रांत पानेच्या पाने भरून लिहून आले. लोक हळहळले. पण रस्त्यावरच्या बहुतेक टॅक्सीवाल्यांनी त्याच्या कितीतरी आधी छोट्या सीएनजी गाड्या घेतल्या होत्या.

मामूंना हेच विचारले. फोनवर क्षणभर शांतता. मग म्हणाले, “बेटा, तिची आठवण मला रोज येते. स्टिअरिंगजवळच्या गिअरला अजून हात जातो. पण सुटे भाग मिळेनासे झाले. गाडी गॅरेजात उभी राहिली की त्या दिवशी घरात पैसे नाहीत. मुलीच्या लग्नाला पैसे कुणी दिले? त्या नवीन गाडीने दिले. जिच्यावर घर चालतं तिच्याकडून नखरे सहन होत नाहीत. नखरे करायला दुसरी ठेवावी, ऐपत असेल तर.”

स्पीकरवर होता फोन. मुलांचे अब्बू काही बोलले नाहीत. उठून दुकानात गेले.

पांढऱ्या गाडीने शिकवलेला धडा

आता वाटेल की मी जिंकले आणि लगेच कार आली. तसे झाले नाही. उलट कारच्या नादात मीच फसणार होते.

एका मोठ्या शहरात जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे एक पांढरी कार दिसली. अंगाला इतके पॉलिश की तोंड दिसावे. काट्यावर फक्त 46 हजार किलोमीटर. किंमत आमच्या बजेटात. विक्रेता म्हणाला, “आपा, डॉक्टरची गाडी आहे, नुसती घर ते दवाखाना चाललीय.” मी बयाणा द्यायला पर्स उघडली होती. सोबत आलेल्या मिस्त्रींनी डोळ्यांनी थांबवले.

त्यांनी आधी क्लच आणि ब्रेकच्या पेडलकडे बोट दाखवले. रबर घासून गुळगुळीत. स्टिअरिंगचे कातडे हाताच्या जागी चकचकीत. 46 हजार चाललेल्या गाडीचे असे होत नाही. मग टायर बघितले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे होते. सीटखालचा गालिचा उचलला तर कोंदट वास आणि लोखंडावर गंज. म्हणजे कधीतरी पाणी शिरलेले. इंजिन आधीच गरम करून ठेवलेले होते, म्हणजे सकाळच्या थंड इंजिनाला सुरू होताना त्रास असावा. मिस्त्री बाहेर येऊन एवढेच म्हणाले, “मॅडम, कंपनी बघू नका, मालक बघा.”

जीपला नावे ठेवणारी मी, त्या दिवशी मान खाली घालून परत आले. भरवसा कंपनीच्या नावात किंवा गाडीच्या मॉडेलमध्ये नसतो. तो त्या एका गाडीत असतो, तिला वापरणाऱ्या माणसात असतो. चांगल्या नावाची वाईट गाडी ही आवडत्या जुन्या गाडीपेक्षाही महाग पडते. कारण जुन्या गाडीचा त्रास आपल्याला आधी माहीत तरी असतो.

काका जिंतूरला आले

यानंतर मीच म्हटले, “जीप एकदा घरी आणा. अम्मींना दाखवू.” फोन केल्यावर सेलूचे काका स्वतःच रविवारी सकाळी जीप घेऊन आले. गल्लीतली सगळी पोरे गोळा झाली. जीप खरोखर देखणी होती. मला पहिल्यांदा कळले की हे दोघे वेडे का झाले आहेत.

अम्मी काठी टेकत बाहेर आल्या. मुलांच्या अब्बूंनी हात धरला. जीपचा पायठा उंच. अम्मींनी एक पाय उचलला, गुडघा वाकेना, पाय परत खाली. पुन्हा एकदा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी नातवाने मागून उचलले तेव्हा त्या कशाबशा बसल्या, आणि चेहरा पांढरा पडला. कुणी काही बोलले नाही.

काका हे सगळे पाहत होते. त्यांनी मला बाजूला बोलावून विचारले, “ताई, आजींना काय होतं?” मी सांगितले. आठवड्यातून दोनदा परभणी, दुपारची परतीची वेळ, सगळे. काका थोडा वेळ बोनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग मुलांच्या अब्बूंना म्हणाले, “भाईसाहेब, मी तुम्हाला गाडी विकत होतो तेव्हा तुम्ही शेतासाठी घेताय असं समजलो होतो. आता ऐका. मे महिन्यात दुपारी ही मला दोनदा रस्त्यात थांबवून बसली. रेडिएटरला मागच्या वर्षी झाळ मारलीय. क्लच सहा महिन्यांत करावा लागेल. हौसेला घ्या, मी पाच हजार कमी करतो. पण आजींच्या दवाखान्यासाठी मी ही गाडी तुम्हाला देणार नाही.”

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतली ओल बोटांना लागते, तो प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगते. मालातला दोष गिऱ्हाइकाला उघड दाखवावा, हा त्याचा धडा. तो धडा त्या दिवशी माझ्या दारात, धोतर-टोपीतल्या एका शेतकऱ्याने, कुणीही न मागता करून दाखवला. पांढऱ्या गाडीचा गोड बोलणारा विक्रेता मला त्या क्षणी आठवला.

चहा झाला. अम्मी खुर्चीत बसून जीपकडे बघत होत्या. त्या मुलांच्या अब्बूंना म्हणाल्या, “बेटा, तुझ्या अब्बांनी सारी उमर जीप चालवली. पण एक दिवसही मला त्या जीपमध्ये बसवलं नाही. तू पोटात होतास, कळा सुरू झाल्या, तेव्हासुद्धा बैलगाडीनं सडकेपर्यंत आणि पुढं एस.टी.नं नेलं. मी रडले होते. ते म्हणाले, गाडी सरकारची आहे, अमानत आहे. आज पहिल्यांदा जीपमध्ये बसले. बघितलं, झालं. आता मला अशी गाडी आणा, जिचं दार उघडलं की माझं मला बसता येईल.”

मुलांच्या अब्बूंचे डोळे भरून आले. वडिलांची जी आठवण त्यांना जीपमध्ये सापडली होती, तिचे दुसरे पान अम्मींकडे होते, आणि ते त्यांनी कधी ऐकलेलेच नव्हते.

कागद आधी, किल्ली नंतर

पंधरा दिवसांनी परभणीतल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याची 2014 ची कार मिळाली. एकच मालक. सर्व्हिसची बिले फायलीत लावलेली, तारखेनुसार. मिस्त्रींनी सकाळी थंड इंजिन सुरू करून पाहिले. धूर निळा असेल तर इंजिन ऑइल जाळते, काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते, पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल तर पाणी इंजिनात शिरत असण्याची शंका. यातले काहीच नव्हते. 18 हजारांत नवे टायर आणि बॅटरी टाकावी लागेल, असे त्यांनी सांगितले. ते धरून भाव केला. सौदा दोन लाख तीस हजारांत झाला.

कागदांबाबत मी मास्तरकीच केली. आरसीवर बँकेचा बोजा नाही ना, विमा चालू आहे ना, चलन थकलेले नाही ना, हे सरकारी परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून पाहता येते. फॉर्म 29 आणि फॉर्म 30 दोघांनी सही करून आरटीओत दिले. बोजा असता तर फॉर्म 35 ही लागला असता. विमा 14 दिवसांच्या आत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा लागतो, तोही दिला. एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना नवी सुरक्षा नंबरप्लेट आवश्यक आहे, ती आधीच बसवलेली होती. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, म्हणून जुन्या रबरी नळ्याही तपासून घेतल्या.

गाडी विकणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ‘कोऱ्या कागदावर सह्या दिल्या, आता माझा काय संबंध’ असे अनेक जण म्हणतात. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या खटल्यात स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव मालक म्हणून आहे, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते, मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी. तेव्हा नाव बदलून मिळेपर्यंत किल्ली देऊन मोकळे होऊ नये.

ज्यांच्याकडे थोडे जास्त पैसे असतील त्यांनी 2019 नंतरची गाडी बघावी. त्या वर्षी नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. आमच्या अडीच लाखांत ते बसले नाही, म्हणून आम्ही साठच्या पुढे जायचे नाही असा नियम केला आहे.

मग हौसेचे काय?

हे वाचून कुणी असे समजू नये की मनात भरलेली गाडी घेणे चूक आहे. घरात दुसरे वाहन आहे, अडीअडचणीचे पैसे वेगळे ठेवलेले आहेत, गाडी सावलीत उभी करायला जागा आहे, ओळखीचा मिस्त्री आहे आणि रविवारची सकाळ रिकामी आहे, अशा माणसाने जुनी जीप जरूर घ्यावी, फियाट जरूर घ्यावी. अशा गाड्या जपणारी माणसे आहेत म्हणून आपल्या मुलांना त्या बघायला तरी मिळतात. पण घरात एकच गाडी असेल तर ती घेणाऱ्याची नसते. रस्त्यात ती थांबली तर जे थांबतील त्यांची ती असते. म्हणून गाडी पसंत करण्याआधी घरातल्या सर्वांत अशक्त माणसाला तिच्यात बसवून पाहावे. त्याचा गुडघा जे सांगेल ते जाहिरात सांगत नाही.

आमची पांढरी-राखाडी कार आता वर्षभर परभणीला जाते-येते. तिचा फोटो कुणी काढत नाही. अम्मी दार उघडून स्वतः बसतात, उशी पाठीला घेतात आणि झरी येईपर्यंत झोपून जातात. मुलगा अजून तिला डबाच म्हणतो. मात्र दर महिन्याचा पेट्रोलचा हिशेब तोच वहीत लिहितो.

आणि जीप? ती अजून सेलूलाच आहे. काकांनी ती विकली नाही. महिन्यातून एखाद्या रविवारी मुलांचे अब्बू आणि मुलगा तिकडे जातात. तिघे मिळून कार्ब्युरेटर साफ करतात, शेताला एक फेरी मारतात. ईदला काका शिरखुर्म्याला आले, ते त्याच जीपमधून. संध्याकाळी निघताना ती लवकर सुरू होईना. अम्मी ओट्यावरून म्हणाल्या, “पंपावर ओलं फडकं टाका.”

काकांनी ते टाकले, आणि दहा मिनिटांनी जीप सुरू झाली.